आलमबागची गर्दी आणि मतांचा नमुना

निवडणुकीच्या हंगामात ‘हवा कोणाची’ हा प्रश्न उत्तर प्रदेशात जितक्या सहज विचारला जातो तितक्याच सहज महाराष्ट्रातही विचारला जातो, आणि दोन्हीकडे त्याचे उत्तर बहुधा सभेची गर्दी, मिरवणुकीची लांबी किंवा चहाच्या टपरीवरील बोलणे यांवरून दिले जाते. या तिन्ही खुणा खऱ्या असतात. फक्त त्यांवरून एकूण मतदारांपैकी किती जण कोणाच्या बाजूने आहेत हे कळत नाही. लोकमत चाचणीचे शास्त्र नेमके याच ‘किती’चे उत्तर शोधण्यासाठी उभे राहिले आणि त्याची बलस्थाने व दुबळेपण समजून घ्यायची असतील, तर उत्तर प्रदेशाइतके कठीण आणि म्हणूनच बोधप्रद क्षेत्र भारतात क्वचितच सापडेल.

लखनौमध्ये चारबाग स्थानकापासून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आलमबाग हा जुना, दाट वस्तीचा भाग आहे आणि त्याच्या लगत व्हीआयपी रस्त्यावर कांशीराम स्मारक स्थळ आहे. ज्या कांशीराम यांना पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेत नोकरी करत असताना आंबेडकरी विचारांची ओळख झाली आणि ज्यांनी पुढे बहुजन समाज पक्ष स्थापन केला, त्यांच्या पुण्यतिथीला, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी, या स्मारकावर पक्षाच्या नेत्या मायावती यांची प्रचंड सभा झाली. त्यानंतर काही महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत ४०३ पैकी केवळ एक जागा या पक्षाच्या वाट्याला आली. या घटनेवरून सभेची गर्दी खोटी होती असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल, कारण पक्षाला त्या निवडणुकीतही सुमारे १३ टक्के, म्हणजे एक कोटीहून अधिक मते मिळाली होती. एवढ्या मोठ्या समर्थकवर्गातून एक मैदान कितीही वेळा भरता येते. गर्दी निष्ठेची तीव्रता दाखवते, परंतु घरी बसलेल्या आणि दुसऱ्या बाजूला मत देणाऱ्या लोकांची मोजणी तिच्यात होतच नाही, आणि मैदानाकडे पाहणाऱ्याला ते लोक दिसण्याचा काही मार्गही नसतो.

जे दिसत नाही ते केवळ संख्या वाढवल्याने दिसू लागत नाही, हे लोकमत चाचणीच्या इतिहासातील पहिले मोठे शिक्षण अमेरिकेत १९३६ साली मिळाले. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना टपालाने नमुना मतपत्रिका पाठवल्या, त्यांतील वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या आणि त्यांच्या आधारे साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन यांच्या विजयाचे भाकीत केले; प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. साप्ताहिकाने पत्ते मुख्यतः दूरध्वनीधारक आणि मोटारमालक यांच्या याद्यांमधून घेतले होते, मंदीच्या काळात हा वर्ग सुखवस्तू होता, शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे लोक न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळ्या मताचे होते. त्याच वर्षी जॉर्ज गॅलप यांनी याहून कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट यांचा विजय बरोबर सांगितला.

या प्रकारच्या दोषाला संख्याशास्त्रात ‘कल’ किंवा ‘अभिनती’ म्हणतात, म्हणजे मोजणीची रीतच अशी असणे की चूक प्रत्येक वेळी एकाच दिशेने व्हावी. त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण निवडणुकीपेक्षा शेतीतून देता येते, आणि ते एका मराठी संख्याशास्त्रज्ञाचे व उत्तर प्रदेशातल्याच मातीचे आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात मुरादाबाद जिल्ह्यातील गव्हाच्या पिकावर असे प्रयोग केले की शेतात वेगवेगळ्या आकाराचे तुकडे आखायचे, त्यांतील पीक कापून तोलायचे आणि त्यावरून हेक्टरी उत्पन्नाचा अंदाज करायचा. तुकडा अगदी लहान असला की अंदाज सातत्याने जास्त येतो असे त्यांना आढळले, कारण सीमेवर उभी असलेली रोपे आत धरायची की बाहेर, हा निर्णय घेताना कापणाऱ्याचा हात ती आत घेण्याकडे झुकतो आणि तुकडा जितका लहान तितकी त्याची सीमा क्षेत्रफळाच्या मानाने मोठी असते. अशा लहान तुकड्यांची संख्या शेकड्यांनी वाढवली तरी ही चूक कमी होत नाही. उलट आकडा अधिक स्थिर दिसू लागल्यामुळे चुकीवरचा विश्वास मात्र वाढतो. लहान तुकड्यांचा आग्रह धरणारे प्रशांतचंद्र महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यातील हा वाद भारतीय संख्याशास्त्राच्या इतिहासात गाजला. लोकमत चाचण्यांविषयी लिहिणाऱ्यांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही ही खेदाची गोष्ट आहे, कारण चाचणी करणारा तरुण ज्या क्षणी बंद दार सोडून उघड्या दाराशी जातो, त्या क्षणी तोही सीमेवरची रोपे आत घेत असतो.

अभिनतीवरचा उपाय म्हणजे निवड माणसाच्या हातून काढून घेऊन योगायोगाच्या स्वाधीन करणे. ज्या निवडीत प्रत्येक मतदाराला नमुन्यात येण्याची ज्ञात संधी असते तिला यादृच्छिक निवड म्हणतात. अशा निवडीतही चूक होते, परंतु तिची व्याप्ती गणिताने आधीच सांगता येते. शंभरापैकी पंचाण्णव वेळा खरा आकडा ज्या पट्ट्यात सापडेल त्या पट्ट्याला त्रुटीमर्यादा म्हटले जाते आणि ती ४०० जणांच्या नमुन्याला अधिक-उणे सुमारे ५ टक्के, १,००० जणांच्या नमुन्याला सुमारे ३ टक्के, तर १०,००० जणांच्या नमुन्याला सुमारे १ टक्का असते. यातील वाचकाला न पटणारी, तरीही पूर्णपणे खरी बाब ही की मोठ्या लोकसंख्येच्या बाबतीत ही मर्यादा नमुन्याच्या आकारावर अवलंबून असते, लोकसंख्येच्या आकारावर जवळजवळ नाही. त्यामुळे एकट्या लखनौसाठी जेवढा नमुना लागतो तेवढाच साऱ्या उत्तर प्रदेशाच्या सरासरीसाठीही पुरतो. उलट बाजूने पाहता राज्याच्या नमुन्यातून लखनौविषयी, किंवा लखनौच्या नमुन्यातून आलमबागविषयी, जवळपास काहीच सांगता येत नाही, आणि दूरचित्रवाणीवरील चर्चांत हीच मर्यादा सर्वाधिक वेळा ओलांडली जाते.

भारतात लोकमत चाचण्यांची सुरुवात १९५० च्या दशकात एरिक द कोस्टा यांच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन या संस्थेने केली. रजनी कोठारी यांनी १९६३ साली दिल्लीत स्थापन केलेल्या विकासशील समाज अध्ययन पीठाने १९६७ पासून राष्ट्रीय निवडणूक अभ्यास हाती घेतला, मधल्या काळात खंडित झालेले हे काम १९९६ मध्ये योगेंद्र यादव यांच्या पुढाकाराने पुन्हा सुरू झाले आणि पुढे ‘लोकनीती’ या उपक्रमाद्वारे चालू राहिले. पुण्याच्या विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलेले सुहास पळशीकर दीर्घकाळ त्याचे सहसंचालक राहिले आहेत. लोकनीतीची पद्धत अशी की आधी मतदारसंघ, मग त्यांतील मतदान केंद्रे योगायोगाने निवडायची, आणि निवडलेल्या केंद्राची मतदारयादी घेऊन तिच्यातून ठरावीक अंतराने नावे काढून त्याच व्यक्तींच्या घरी जाऊन मुलाखत घ्यायची.

आलमबागमध्ये हे काम करू पाहणाऱ्याला पद्धतीचे महत्त्व पहिल्याच दिवशी कळेल. आलमबागच्या बसस्थानकासमोर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रश्न विचारले, तर उत्तरे देणाऱ्यांत उन्नाव, कानपूर, रायबरेलीचे प्रवासी भरतील आणि स्थानिक मतदार थोडे. सिंगारनगर किंवा चंदरनगरच्या गल्ल्यांतच फिरले, तर फाळणीनंतर येथे वसलेल्या पंजाबी आणि शीख कुटुंबांचे मत त्यांच्या प्रमाणापेक्षा जास्त येईल. रेल्वेच्या वसाहतीत गेले तर सरकारी नोकरदारांचे. याउलट यादीतल्या नावाचा माग काढत गेले की काही नावे बदली होऊन गेलेल्या कर्मचाऱ्यांची निघतात, काही भाडेकरूंची घरे बदललेली असतात, आणि दुपारी घरी सापडतात ते वृद्ध व गृहिणी. दुकानावर वा कामावर गेलेल्या माणसासाठी संध्याकाळी पुन्हा यावे लागते. चाचणीचा खर्च मुख्यतः या पुन्हा येण्यातच जातो, आणि स्वस्तात केलेली चाचणी सर्वप्रथम त्यालाच फाटा देते. शिवाय एका केंद्रातील पंचवीस उत्तरे ही पंचवीस स्वतंत्र उत्तरे नसतात. एका गल्लीत राहणारे लोक बहुधा जात, व्यवसाय आणि मत या तिन्ही बाबतींत सारखे असतात, म्हणून थोड्या केंद्रांतून पुष्कळ माणसे घेण्यापेक्षा पुष्कळ केंद्रांतून थोडी माणसे घेणे कधीही चांगले.

मतदार सापडला तरी तो खरे सांगेलच असे नाही. प्रश्न विचारणारा कोणत्या जातीचा वा धर्माचा वाटतो, शेजारी कोण उभे आहे, सासऱ्यांसमोर सून बोलते आहे का, यांवर उत्तर बदलते. दलित, मुस्लिम आणि अतिमागास समाजांतील मतदार अनोळखी माणसासमोर सत्तेवरच्या किंवा जिंकेल असे बोलले जाणाऱ्या पक्षाचे नाव घेणे सुरक्षित मानतात, किंवा ‘अजून ठरवले नाही’ असे सांगून विषय मिटवतात. लोकनीती यासाठी पक्षचिन्हे छापलेली नमुना मतपत्रिका आणि एक पेटी वापरते, जेणेकरून मतदाराला आपली पसंती तोंडाने उच्चारावी लागत नाही. दूरध्वनीवरून घेतल्या जाणाऱ्या चाचणीत ही सोय नाही, आणि ज्या घरात मोबाइल एकच असून तो पुरुषाच्या खिशात असतो तेथे स्त्रीचे मत विचारलेच जात नाही. हे मौन सर्व पक्षांच्या समर्थकांत सारखे वाटलेले असते, तर त्याने फारसे बिघडले नसते. ते ज्यांना भीती जास्त त्यांच्यात जास्त असते, आणि म्हणूनच ते अंदाजाला एका बाजूला झुकवते.

गोळा झालेल्या नमुन्यात स्त्रिया, तरुण, दलित किंवा ग्रामीण मतदार लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा कमी आले असतील, तर त्यांच्या उत्तरांना अधिक वजन देऊन हिशेब जुळवला जातो. याला भारांकन म्हणतात. ते आवश्यक असले तरी सर्वरोगहर नाही, कारण भारांकनात असे गृहीत धरले जाते की ज्या दलित स्त्रिया बोलल्या त्यांच्यासारख्याच न बोललेल्याही आहेत. दुसरी अडचण मतदानाच्या प्रमाणाची. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत लखनौ मतदारसंघात सुमारे ५२ टक्केच मतदान झाले, म्हणजे यादीतून काढलेल्या नावांपैकी जवळजवळ निम्मी माणसे केंद्रावर गेलीच नाहीत. मतदानपूर्व चाचणीत मात्र बहुतेक जण आपण मत देणार असेच सांगतात. कोण जाणार आणि कोण नाही, याबाबत पाश्चात्त्य देशांतील अनुभवही येथे उपयोगी पडत नाही, कारण तेथे शिकलेले आणि सुखवस्तू लोक अधिक मतदान करतात, तर भारतात गरीब मतदार त्यांच्या बरोबरीने किंवा अधिक संख्येने मतदान करतात असे १९९० च्या दशकापासूनच्या अभ्यासांनी दाखवून दिले आहे.

मतदान करून बाहेर पडणाऱ्याला केंद्राबाहेरच विचारले जाते तो एक्झिट पोल, आणि मतदानानंतर परंतु मतमोजणीपूर्वी घरी जाऊन विचारले जाते ते मतदानोत्तर सर्वेक्षण. एक्झिट पोलमध्ये माणूस खरोखर मतदार आहे याची खात्री असते, पण रस्त्यावर, घाईत आणि चारचौघांच्या नजरेसमोर उत्तर द्यावे लागते; मतदानोत्तर सर्वेक्षणाला निवांतपणा मिळतो, मात्र ते निकालाआधीच संपवावे लागते, कारण निकाल कळल्यावर आपण विजेत्यालाच मत दिले होते असे सांगणाऱ्यांची संख्या मतपेटीतल्या मतांपेक्षा जास्त भरते.

इतक्या अडचणी ओलांडूनही चांगल्या चाचण्या पक्षांच्या मतांच्या टक्केवारीच्या बऱ्यापैकी जवळ पोहोचतात, आणि खरी पडझड त्यापुढच्या पायरीवर, म्हणजे टक्केवारीतून जागा काढताना होते. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी या पद्धतीत मते आणि जागा यांचे नाते सरळ रेषेचे नसते, आणि उत्तर प्रदेशात अनेक पक्ष मैदानात असल्याने ते अधिकच विचित्र होते. २००७ साली बहुजन समाज पक्षाने सुमारे ३० टक्के मतांवर २०६ जागा जिंकून स्वबळावर बहुमत मिळवले, तेव्हा जवळपास सर्व चाचण्यांनी त्रिशंकू विधानसभेचे भाकीत केले होते. २०१२ मध्ये त्याच पक्षाची मते सुमारे साडेचार टक्क्यांनी घटून २६ टक्क्यांवर आली आणि जागा ८० वर घसरल्या, तर २९ टक्के मतांवर समाजवादी पक्षाने २२४ जागा घेतल्या. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत बहुजन समाज पक्षाला राज्यात जवळपास २० टक्के मते पडली आणि एकही जागा मिळाली नाही. साडेचार टक्क्यांच्या घटीने जेथे सव्वाशे जागा जातात, तेथे ३ टक्क्यांची त्रुटीमर्यादा असलेल्या चाचणीने जागांचा नेमका आकडा सांगणे हे शास्त्राच्या नावावर केलेले अतिरेकी धाडस आहे. महाराष्ट्रानेही हेच पाहिले: २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाविकास आघाडी आणि महायुती यांची मते जवळजवळ सारखी, ४३ ते ४४ टक्क्यांच्या आसपास होती, जागा मात्र ३० आणि १७ अशा विभागल्या गेल्या.

तरीही जागांचा अंदाज बांधण्याच्या विचारपूर्वक रीती आहेत. डेव्हिड बटलर, अशोक लाहिरी आणि प्रणय रॉय यांनी विरोधी मतांपैकी किती हिस्सा सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाकडे एकवटला आहे, हे दाखवणारा विरोधी ऐक्य निर्देशांक रूढ केला. मतांची टक्केवारी तीच राहूनही विरोधक एकत्र आले की जागा कशा कोसळतात, हे त्यावरून समजते. संख्याशास्त्रज्ञ राजीव करंदीकर यांनी वापरलेल्या रीतीत प्रत्येक मतदारसंघातील मागच्या निकालावर राज्यातील बदल लावून नवा अंदाज काढला जातो आणि आघाडीवर दिसणाऱ्याच्या खात्यात पूर्ण जागा न टाकता, त्याच्या विजयाची जेवढी संभाव्यता तेवढाच जागेचा अंश टाकला जातो. निसटत्या लढतीतली अनिश्चितता त्यामुळे हिशेबात शिल्लक राहते. प्रत्येक मतदारसंघात स्वतंत्र नमुना घेण्याचा मार्ग आकर्षक दिसतो, परंतु उत्तर प्रदेशातील लोकसभेच्या ८० मतदारसंघांत मिळून २०,००० मुलाखती घेतल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला २५० येतात, त्यांची त्रुटीमर्यादा ६ टक्क्यांहून अधिक असते आणि दोन उमेदवारांमधील अंतराच्या बाबतीत ती जवळजवळ दुप्पट होते.

२०२४ मध्ये या सर्व दुबळ्या जागा एकदम उघड्या पडल्या. १ जून रोजी मतदानाचा अखेरचा टप्पा संपताच प्रसिद्ध झालेल्या बहुतेक प्रमुख एक्झिट पोलनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला देशात ३५० हून अधिक आणि उत्तर प्रदेशात ६० हून अधिक जागा दिल्या. ४ जूनच्या मोजणीत देशात २९३ आणि उत्तर प्रदेशात ३६ भरल्या. भारतीय जनता पक्षाची राज्यातील मते २०१९ मधील जवळपास ५० टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर आणि जागा ६२ वरून ३३ वर आल्या. लखनौमध्ये राजनाथ सिंह विजयी झाले, परंतु त्यांचे मताधिक्य ३,४७,३०२ वरून १,३५,१५९ पर्यंत घसरले, आणि शेजारच्या मोहनलालगंजमध्ये केंद्रीय मंत्री कौशल किशोर पराभूत झाले. इतक्या संस्था एकाच दिशेने आणि जवळजवळ एकाच अंतराने चुकल्या, ही बाब नमुन्याच्या योगायोगाने समजावता येत नाही. योगायोगाच्या चुका दोन्ही बाजूंना विखुरतात. मौन पाळणारे मतदार ही एक शक्यता, आणि आपला आकडा इतरांपेक्षा फार वेगळा दिसू नये म्हणून तो सरकवण्याची, जगभरच्या चाचण्यांत दिसून आलेली कळपवृत्ती ही दुसरी.

याच वर्षी एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या लोकनीतीच्या मतदानपूर्व अभ्यासात मात्र सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणून २७ टक्के लोकांनी बेरोजगारी आणि २३ टक्क्यांनी महागाई सांगितली होती, तर राममंदिराचे नाव घेणारे ८ टक्क्यांच्या आसपास होते. पक्षनिहाय आकडे तेव्हाही सत्ताधाऱ्यांना अनुकूल होते, पण लोकांच्या मनातला ताण त्या प्रश्नावलीत नोंदला गेला होता. चाचणीचे खरे मोल येथे दिसते: कोण जिंकेल हे चार दिवसांनी मोजणीत आपोआप कळते, परंतु भूमिहीन मजूर, पदवीधर बेकार किंवा पहिल्यांदा मत देणारी मुलगी कशामुळे कोणाकडे वळली, हे कोणतेही मतदानयंत्र सांगत नाही.

कायद्याने या क्षेत्रावर घातलेले निर्बंध वेळेपुरते आहेत. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने आलेल्या १२६ अ या कलमामुळे सर्व टप्प्यांचे मतदान पूर्ण होऊन अर्धा तास उलटेपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करता येत नाही. म्हणूनच २० मे रोजी मतदान झालेल्या आलमबागचे अंदाज १ जूनच्या संध्याकाळपर्यंत बंद राहिले. पद्धती उघड करण्याचे बंधन मात्र या कायद्यात नाही. ब्रिटनमध्ये ब्रिटिश पोलिंग कौन्सिलच्या सदस्य संस्थांना प्रश्नांचे नेमके शब्द, नमुन्याचा आकार, मुलाखतींच्या तारखा आणि भारांकनाचे तक्ते प्रसिद्ध करावे लागतात, आणि १९९२, २०१५ यांसारख्या फसलेल्या निवडणुकांनंतर तेथे चुकांची जाहीर चौकशी होऊन अहवाल निघाले. भारतात लोकनीतीसारखे थोडे अपवाद वगळता, नावे मतदारयादीतून काढली की रस्त्यावरून, किती जणांनी बोलायला नकार दिला, टक्केवारीतून जागा कोणत्या सूत्राने आल्या आणि चाचणीचा खर्च कोणी उचलला, ही माहिती वाचकापर्यंत पोहोचत नाही. आणि जोपर्यंत ती पोहोचत नाही तोपर्यंत अचूक ठरलेला अंदाज पद्धतीमुळे जुळला की योगायोगाने, हे तपासण्याचे साधन कोणाच्याच हाती नाही.